मदत हवी आहे : सरावातला आवाज फोनवर टिकत नाही

मी ट्रान्स व्यक्तींना आवाजाचे प्रशिक्षण देते. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने आवाज बदलत नसल्यामुळे माझ्या एका ट्रान्स विद्यार्थिनीची सारी भिस्त सरावावरच आहे. वाचताना तिचा स्वर 190 हर्ट्झच्या आसपास सहज राहतो, परंतु फोनवर पहिला ‘हॅलो’ उच्चारताच तो 130 पर्यंत घसरतो आणि पलीकडून ‘बोला सर’ ऐकू येते. पाण्यात बुडवलेल्या नळीतून फुंकत स्वर काढणे, गुणगुणणे, अनुनाद (आवाजाचा घुमारा) तोंडाच्या पुढच्या भागात आणणे, हे सर्व तीन महिने केले आहे. घशाच्या तपासणीत दोष आढळलेला नाही आणि शस्त्रक्रिया तिला नको आहे (तो निर्णय तिचाच). स्वर आणखी चढवण्याचा सल्ला कृपया देऊ नये, त्याने घसा ताणला जातो. वाचन आणि प्रत्यक्ष फोन यांच्या मधली पायरी म्हणून आपण कोणता सराव देता?