प्रौढपणी एडीएचडी आणि कामावरची पत : आपले अनुभव लिहावेत

खान्देशात नोकरी-व्यवसाय करणाऱ्या, एडीएचडी (अवधान-अभाव व अतिचंचलतेचा विकार) असलेल्या प्रौढांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी या धाग्यावर अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. हा लहान मुलांचा विकार असून वयानुसार तो जातो, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात अनेकांमध्ये तो मोठेपणीही टिकतो. बाहेरून दिसणारी चुळबुळ कमी होते, परंतु विसरणे, कामाला हात घालणेच न जमणे आणि वेळेचा अंदाज चुकणे हे सारे मागे राहते. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निकषपुस्तिकेनुसार १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तीत अवधान-अभावाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान पाच लक्षणे असावी लागतात, त्यांतील काही वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावी लागतात आणि त्यांचा त्रास घर व काम अशा एकाहून अधिक ठिकाणी व्हावा लागतो. म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : आपल्या शब्दावर लोकांचा विश्वास राहावा यासाठी तुम्ही नेमके काय करता? सुरुवात मी करते.

कर सल्लागार, जळगाव

माझे बहुतेक अशील डाळमिलवाले आणि सराफ आहेत. दरमहा विवरण भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरण) पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी (कर भरण्याचे एकत्रित विवरण) २० तारखेपर्यंत जावे लागते. तारीख आठवडाभर दूर असेल तर ती मला जाणवतच नाही, आणि उद्यावर आली की मी रात्रभर मान वर न करता बसू शकते. तशा रात्रीत विवरण वेळेत जाते खरे, पण बिलात शंका आली तर अशिलाला विचारायला उसंत उरत नाही, आणि आमच्या धंद्यात पत जाते ती तिथेच. म्हणून बिले ५ तारखेपर्यंत मागवते आणि ६ तारखेला सकाळी माझी सहकारी तिच्या फायली घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसते. ती तिचे काम करते, मी माझे. आमच्यात बोलणेही फारसे होत नाही, तरी समोर माणूस असला की मला पहिले बिल उघडता येते. माझ्या दृष्टीने कठीण भाग तेवढाच असतो.

दुसरा नियम फोनचा आहे. "ताई, एवढी नोटीस आजच बघून घ्या ना" असे कोणी म्हटले की मी लगेच होकार देत नाही. "लिहून घेतले आहे, संध्याकाळी तारीख कळवते" एवढेच सांगते, आणि मनात आलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ धरून तारीख देते. लांबची तारीख व्यापारी ऐकून घेतो. दोनदा बदललेली तारीख मात्र तो वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो.

ठिबक सिंचनाचे क्षेत्रकाम, अमळनेर तालुका

"भाऊ, तुमना शब्दवर भरोसा शे," असे शेतकरी म्हणतो तेव्हा छातीवर ओझे येते, कारण फिल्टर तुंबला असताना केळीचे पाणी दोन दिवसही थांबवता येत नाही. बांधावरून निघण्यापूर्वी मी शेतकऱ्यासमोरच मोबाइलवर आवाज नोंदवतो : गट नंबर, लागणारा सुटा भाग आणि येण्याचा दिवस. तीच नोंद त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. आता बोललेली गोष्ट दोघांकडे असते, आणि मला उशीर होणार असेल तर तो विचारण्याआधी मी कळवतो.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, धुळे

निदान कामावर सांगावे की नाही, यावर मी फार विचार केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. त्यांत एडीएचडीचे वेगळे नाव नाही, म्हणून केवळ या निदानाच्या आधारावर सवलत मागणे अवघड जाते. मी प्राचार्यांना निदान सांगितले नाही, गरजा सांगितल्या. बैठकीतील सूचना लेखी मिळाव्यात, आणि उत्तरपत्रिका तपासताना स्टाफरूमऐवजी ग्रंथालयातील कोपरा मिळावा, या दोनच मागण्या मी केल्या आणि त्या मान्य झाल्या. बैठकीत दुसऱ्याचे वाक्य मध्येच तोडण्याची माझी सवय शिष्टाचाराला धरून नव्हती. आता मुद्दा सुचला की तो समासात लिहिते आणि सर बोलून झाले की मांडते.

औषधाबद्दलही लिहिते. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, आणि आमच्याकडे प्रत्येक दुकानात ते असतेच असे नाही. गोळ्या संपण्याच्या बऱ्याच आधी दुकानदाराला कळवावे लागते, आणि नेमकी हीच आठवण ठेवणे आपल्याला जड जाते. माझ्यासाठी ती तारीख माझे यजमान पाहतात. गोळीने खुर्चीत बसणे सोपे होते, पण कोणते काम आधी घ्यावे हे मलाच ठरवावे लागते.

भांडार विभागातील पर्यवेक्षक, भुसावळ

मला स्वतःला हा विकार नाही. माझ्या हाताखालच्या एका हुशार लिपिकाला आहे, आणि त्याच्या परवानगीने लिहितो. आमचे गाव रेल्वेचे. इंजिनात चालक आणि सहायक चालक सिग्नल दिसताच त्याचा संकेत एकमेकांना मोठ्याने सांगतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तीच पद्धत आम्ही मालाच्या पावतीसाठी घेतली : तो वस्तूचा क्रमांक आणि नग वाचतो, दुसरा परत म्हणतो, मगच नोंद होते. ही पद्धत मी पूर्ण विभागाला लावली, त्याच्या एकट्यावर लादली नाही, कारण एकाच माणसाची उजळणी चार जणांसमोर होऊ लागली की इतर त्याला कच्चा समजू लागतात. तोंडी काम सांगणे मी बंद केले असून, एका वेळी एकच काम तारखेसह चिठ्ठीवर देतो. जुन्या साठ्यातील न जुळणाऱ्या नोंदी शोधण्याचे किचकट काम मात्र मी त्यालाच देतो. त्यात तो असा गढून जातो की जेवणाच्या सुट्टीत मला त्याला उठवावे लागते, आणि त्या नोंदींबाबत आता वरचे अधिकारीही थेट त्यालाच विचारतात.