सभागृहाला रॅम्प झाला, पण ऐकू येण्याचं काय?

प्रतापनगरची शिक्षिका
मे महिन्यात आमच्या भागातल्या समाजभवनात नळलाइन बदलण्याबद्दल सभा होती. बाहेर 45 अंश, आत चार कूलर सुरू. साहेब म्हणाले, रस्ता साठ दिवस खोदलेला राहील. मी ऐकलं आठ. हात वर करून होकार दिला आणि गल्लीतल्या सगळ्यांना आठच सांगितलं.

मी दोन्ही कानांना मशीन लावते. लोकांना वाटतं, मशीन आहे म्हणजे झालं. वय झालं की आधी बारीक, तीव्र आवाज जातात: स, श, फ, त. स्वर राहतात. 'साठ'मधला स गळाला की 'आठ' उरतं. नुसता भोंगा वाढवून तो स परत येत नाही, आणि माझं मशीन कूलरचा आवाजही वाढवतं. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

उपाय जुना आहे, हिअरिंग लूप. सभागृहाच्या कडेने तांब्याच्या तारेचा वेढा टाकायचा, तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा आणि माइकचा आवाज त्यात सोडायचा. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कानामागे लावायच्या अनेक मशीनमध्ये टेलिकॉइल नावाची इवलीशी गुंडाळी असते. मशीन 'टी'वर टाकलं की ती हे क्षेत्र पकडते आणि वक्त्याचा शब्द थेट कानात येतो. कूलर मध्ये येत नाही. जिथे लोकांचे निर्णय होतात त्या प्रत्येक सरकारी सभागृहात हा लूप हवा, असं माझं ठाम मत आहे.

समाजभवन खजिनदार
ताई, त्रास खरा आहे, पण मी विरोधात आहे. आमच्या भवनाचं उत्पन्न म्हणजे लग्नं अन् तेरव्या. स्लॅब गळून राहिला आहे, तो आधी की तार आधी? माझ्या वडिलांचं मशीन कानाच्या आत बसणारं आहे, त्यात टेलिकॉइल नाही, अन् घेताना आम्हाला कुणी सांगितलंही नाही. मशीनच न घेतलेले म्हातारे तर कितीतरी. त्यांना तुमच्या तारेचा काय फायदा?

महालचा साउंडवाला
लूपमध्ये तेच जातं जे माइकमध्ये जातं. आपल्याकडे पुढारी 'माझा आवाज खणखणीत आहे' म्हणून माइक बाजूला सारतात अन् मागून प्रश्न विचारणारा तर माइक हातातच घेत नाही. आधी ही सवय मोडा. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज 6 डेसिबलने पडतो. कूलर मात्र मागच्या रांगेच्या कानाशीच असतो. टाइल्स, काचा अन् रिकाम्या भिंती असल्या की शब्द घुमून एकमेकांवर चढतात, तिथे जाड पडद्यांनीही फरक पडतो. लूपसुद्धा कुठेही डोळे मिटून टाकता येत नाही. स्लॅबमधलं लोखंड क्षेत्र खातं, वायरिंग खराब असली तर मशीनमध्ये गुणगुण येते. मोजून पाहावं लागतं.

मानेवाड्याची लेक
माझी आई जन्मापासून ऐकत नाही. तिला लूप, पडदे, माइक सारं सारखंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणहानी असलेले कर्णबधिरही आहेत अन् 60 ते 70 वाले कमी ऐकणारेही. तुम्ही सगळे कमी ऐकणाऱ्यांबद्दलच बोलून राहिले. आईला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो, नाहीतर बोलणं सुरू असतानाच स्क्रीनवर मराठीत उमटणारा मजकूर. अन् त्या दिवशी फळ्यावर '60 दिवस' एवढं लिहिलं असतं, तर ताईंचीही फसगत झाली नसती. खडूला किती पैसे लागतात?

प्रतापनगरची शिक्षिका
आईंचं माझ्या ध्यानातच आलं नाही, ही माझी चूक. फळा उद्यापासून हवा, दुभाषीही हवा. पण ताई, फळ्यावर निर्णय येतो. त्याआधी कोण काय म्हणालं, कोणी हरकत घेतली, ते येत नाही. मला फक्त आकडा नको, मला त्या वादात बोलायचं आहे.

खजिनदार भाऊ, मशीन नसलेल्यांसाठी हेडफोनचे लूप रिसीव्हर मिळतात, दाराशी चार ठेवले तरी पुरे. आणि माझी हानी 60 डेसिबलच्या आत आहे, म्हणजे कागदावर मी दिव्यांगसुद्धा नाही. प्रमाणपत्रं मोजून गरज ठरवली, तर माझ्यासारखे त्यात दिसणारच नाहीत.

समाजभवन खजिनदार
फळा अन् फिरता माइक पुढच्या सभेपासून ठेवतो, तो खर्च माझ्या हातात आहे. कायमच्या तारेला माझा अजूनही नकार. स्लॅब झाल्याशिवाय मी कमिटीसमोर नाव काढणार नाही.

महालचा साउंडवाला
कायमची नको, एका सभेपुरती टाकू. मधल्या खुर्च्यांभोवती तार टेपने चिकटवता येते, अ‍ॅम्प्लिफायर मी कुठूनतरी मिळवतो. ताई, तुम्ही मशीन 'टी'वर टाकून वेढ्याच्या आत बसा. चारही कूलर सुरू ठेवू. मी माइकवरून आकडे वाचतो, आठही अन् साठही. तुम्ही लिहून घ्या, अन् खजिनदारांनी कागद तपासावा.