मोरस आणि खाऱ्या जमिनीतली इतर झाडे: अन्नपीक म्हणून कितपत पोषक?

खाडीकाठ (भांडुप):
आमच्या बाजारात कोळिणी मोरसची भाजी विकायला आणतात. पाने उकडून, पाणी पिळून टाकून, कांदा, मिरची आणि ओले खोबरे घालून ती केली, तरी वरून मीठ लागत नाही. मिठागरांच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या अशा झाडांत प्रथिने आणि खनिजे भरपूर असतात, असे वारंवार वाचनात येते. मग खारपड जमिनीत त्यांची रीतसर लागवड करता येईल का?

आहारविचार (दादर):
करता येईल, परंतु आकडे जपून वाचावेत. मोरस किंवा धापा ही झाडे मुळांवाटे आलेले मीठ पानांच्या पेशींत साठवतात, आणि म्हणूनच ती पाने जाड व रसाळ असतात. पान वाळवले की उरलेल्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग अनेकदा क्षारांचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, तेव्हा ही भाजी तोंडी लावण्यापुरतीच खावी, पोटभर नव्हे. उकडलेले पाणी टाकण्याची कोळी रीत मला फार मोलाची वाटते, कारण त्या पाण्याबरोबर मीठ जाते आणि मूतखड्याला कारण ठरणारे ऑक्झलेटही बरेचसे जाते.

बीजधन (चेंबूर):
अन्नपीक म्हणून खरी आशा पानांपेक्षा बियांत आहे, कारण झाड बीमध्ये मीठ फारसे जाऊ देत नाही. सॅलिकोर्निया बिगेलोव्ही या झाडाला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर थेट समुद्राचे पाणी देऊन केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या बियांत 26 ते 33 टक्के तेल आणि सुमारे 31 टक्के प्रथिने आढळली, शिवाय त्या तेलात 70 टक्क्यांहून अधिक लिनोलिक आम्ल, म्हणजे शरीराला आवश्यक असे एक मेदाम्ल, होते. पेंडीतल्या सॅपोनिनचा, म्हणजे साबणासारखा फेस आणणाऱ्या कडवट द्रव्याचा, बंदोबस्त मात्र करावा लागतो. किनव्हा (क्विनोआ) हे धान्यासारखे खाल्ले जाणारे बीपीकही बऱ्यापैकी खारे पाणी सोसते, आणि ते तर आज वाण्याकडे मिळते.

खाडीकाठ (भांडुप):
आभारी आहे. मग ठाणे खाडीलगत उगवलेली मोरस खुडून आणावी का?

खारजमीन (मुलुंड):
कृपया आणू नका. या खाडीत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी वर्षानुवर्षे येत आहे, आणि धाप्यासारखी झाडे मिठाबरोबर जड धातूही शोषून घेतात. उकडून ते सगळे निघून जातील याची खात्री नाही. विकत घेतानाही भाजी कुठली आहे, हे मावशींना अवश्य विचारावे. लागवड करायचीच, तर बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या, पण कारखान्यांपासून दूर असलेल्या रायगडमधल्या खाचरांत करून पाहावी. जिथे पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राचे खार सोसणारे भाताचे वाण अजून येतात, तिथे मात्र भातच लावावा.