शब्दचर्चा: 'डीटीएम'ला मराठीत काय म्हणावे?

धुळ्याहून प्रश्न

स्थापत्य डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपणे लिहितो आहे. विषय आहे लेझर स्कॅनच्या डेटावरून डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जमिनीचे मॉडेल तयार करणे. मुले बहुतेक साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडची, घरी अहिराणी बोलणारी. 'डिजिटल टेरेन मॉडेल' (डीटीएम) हे नाव ती पाठ करतात, पण डीएसएम (डिजिटल सरफेस मॉडेल) आणि डीटीएम यांत फरक काय असे विचारले की वर्ग गप्प होतो. 'अंकीय भूभाग प्रारूप' असा एक शब्द हाताशी आहे, पण वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. ब्रेकलाइन (उतार बदलतो तिथली रेषा) आणि पॉइंट क्लाउड (स्कॅनमधून मिळणारे असंख्य बिंदू) यांनाही शब्द हवे आहेत. जाणकारांनी सुचवावे.

जळगावहून

मी रोज सिव्हिल थ्रीडी या डिझाइन सॉफ्टवेअरवर हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'भूभाग' नको. मराठीत 'राज्याचा मोठा भूभाग दुष्काळाखाली' असे आपण लिहितो. तिथे भूभाग म्हणजे प्रदेशाचा तुकडा. जमिनीच्या चढउताराशी त्या शब्दाचा संबंध नाही. 'प्रारूप' तर मुळीच नको. सरकारी कागदात प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा: प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा. त्यावर हरकती मागवतात. हा शब्द भूसंपादनाच्या बैठकीत वापरला, तर शेतकरी म्हणेल, पक्के कधी येणार? 'नमुना' शब्दाचीही तीच अडचण. जमिनीच्या व्यवहारात नमुना म्हटले की सात-बारा आणि आठ-अ आठवतात. म्हणून 'मॉडेल' हाच शब्द ठेवा. तो सगळ्यांना कळतो.

खरे काम 'टेरेन'चे आहे. इथे शब्दाने एकच गोष्ट सांगायला हवी: झाडे, पिके, घरे काढून टाकल्यावर जी उरते ती जमीन. रावेर-यावलच्या पट्ट्यात ड्रोनवरून लायडार (लेझर स्कॅनर) उडवले आणि केळीच्या बागेतून आडवा छेद काढला, तर पडद्यावर बिंदूंचे दोन थर दिसतात. वरचा थर दाट, तो पानांचा. खाली विरळ ठिपके, ते मातीचे. लेझरचा काही भाग पानावरून परत येतो, उरलेला फटीतून खाली जाऊन मातीला लागून येतो. म्हणून एका झोतातून पहिले, दुसरे, शेवटचे अशी अनेक परावर्तने मिळू शकतात. पण बाग भरगच्च असेल तर शेवटचे परावर्तनही जमिनीचे असेलच असे नाही. ते एखाद्या खालच्या पानाचे असू शकते.

सगळे बिंदू घेऊन वरचा पृष्ठभाग केला तर तो डीएसएम, म्हणजे शिवारावर वरून चादर टाकल्यासारखा. फक्त मातीचे बिंदू घेऊन केला तर तो डीटीएम. हे बिंदू ज्या लास फाइलमध्ये साठवतात, तिच्यात प्रत्येक बिंदूला वर्गाचा आकडा असतो: २ म्हणजे जमीन, ३, ४, ५ म्हणजे कमी, मध्यम आणि जास्त उंचीची झाडेझुडपे, ६ म्हणजे इमारत. आपण २ तेवढे निवडतो. ही वर्गवारी आधी झालेली नसेल तर ती आपल्याला करावी लागते. सिव्हिल थ्रीडीत पॉइंट क्लाउडवरून सरफेस (जमिनीचा पृष्ठभाग) बनवताना जमिनीबाहेरचे बिंदू गाळण्याचा पर्याय मिळतो, पण दाट केळीत त्याच्या भरवशावर राहू नका. छेद काढून डोळ्यांनी पाहावेच लागते.

हे इतके ताणून सांगतो कारण पुढे भराव आणि खोदाईचे माप याच सरफेसवरून निघते. एक हेक्टरवर पातळी सरासरी १० सेंटीमीटर चुकली की १,००० घनमीटर मातीचा फरक पडतो. बिल त्यावरच निघते.

माझी सूचना: डीएसएमला 'वरच्या पृष्ठभागाचे मॉडेल', डीटीएमला 'उघड्या जमिनीचे मॉडेल'.

नंदुरबारहून

'उघड्या'वर माझी हरकत आहे. आमच्याकडे कापूस निघाला, पऱ्हाटी उपटली की वावर उघडे पडले म्हणतात. म्हणजे जे प्रत्यक्षात मोकळे झाले ते उघडे. डीटीएममधल्या जमिनीवर तर बाग उभीच असते, आपण ती फक्त हिशेबातून वगळतो. तोरणमाळच्या घाटातला डीटीएम 'उघड्या जमिनीचा' म्हटला तर मुलगा विचारेल, जंगल तोडले का? 'मूळ जमीन'ही चालणार नाही. रस्त्याच्या कामात मूळ जमीन म्हणजे ओजीएल, काम सुरू होण्याआधीची. खोदाई झाल्यावर पुन्हा स्कॅन केला तर तोही डीटीएमच, पण ती जमीन मूळ राहिली नाही. मी 'निव्वळ जमीन' म्हणेन. निव्वळ वजन, निव्वळ नफा हे शब्द मुलांना माहीत आहेत. वरचे वजा करून उरते ते निव्वळ.

जळगावहून

पटले. 'निव्वळ' जास्त नेमका आहे. 'उघडी' मागे घेतो.

साक्रीहून

ब्रेकलाइनबद्दल लिहितो. 'खंडरेषा', 'भंगरेषा' असले शब्द करू नका. तिथे रेषा तुटत नाही, जमीनही तुटत नाही. तिथे उतार बदलतो.

पांझरेच्या काठी फडाचे, म्हणजे गावाने पाळीने चालवायच्या सिंचनाचे, पाट पाहिले असतील. अडीच-तीन हात रुंद पाट घ्या. दोन्ही काठांवर बिंदू आहेत, तळात गवत किंवा पाणी असल्याने जवळजवळ नाहीत. (नेहमीच्या लायडारचे लेझर अवरक्त असते. पाणी ते बरेचसे शोषून घेते, म्हणून पाण्याखालचा तळ मिळत नाही. त्यासाठी हिरव्या लेझरची वेगळी यंत्रे असतात.) आता सॉफ्टवेअर बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणते. त्याला पाट कळत नाही. ते या काठाचा बिंदू त्या काठाच्या बिंदूला थेट जोडते आणि पाट बुजतो. पडद्यावर सपाट जमीन दिसते. त्यावर डिझाइन केले की नळीमोरी राहून जाते, आणि पावसाळ्यात पाणी वावरात शिरते. पिढ्यान्पिढ्या पाळीने चालवलेला पाट नकाशातून असा गायब होणे मला फार लागते.

उपाय म्हणजे पाटाची वरची कड आणि तळाची कड अशा रेषा हाताने आखून सरफेसला द्यायच्या. मग कोणताही त्रिकोण ती रेषा ओलांडत नाही. तळाच्या पातळ्या टोटल स्टेशन किंवा डीजीपीएस या मोजणी यंत्राने जागेवर जाऊन घ्याव्यात. साइटवर पोरे 'टॉप' आणि 'टो' म्हणतात, तर जुने लोक 'कड' आणि 'पायथा'. बांध, पाट, नाल्याची दरड, तापीकाठच्या घळी, सगळीकडे हेच दोन शब्द पुरतात. म्हणून ब्रेकलाइनला 'कडरेषा' घ्या. व्याख्या एका ओळीत लिहा: जिथे उतार एकदम बदलतो ती रेषा.

अमळनेरहून

सातवीच्या भूगोलात 'समोच्च रेषा' आहेच, त्यामुळे कंटूरला नवे काही शोधू नये. बिंदू जोडून होणाऱ्या टिनला 'त्रिकोणजाळे'. वरच्या उत्तरात 'त्रिकोणांचे जाळे विणते' हे आपोआप आलेच आहे. पॉइंट क्लाउडला 'बिंदुमेघ' हिंदीच्या वळणाने येतो. वाचायला गोड आहे, पण आज 'डेटा क्लाउडवर टाकला' हेही तीच मुले म्हणतात, मग दोन क्लाउडची गल्लत होते. 'बिंदुसंच' साधा आहे. बोलताना पॉइंट क्लाउडच चालेल.

भुसावळहून

'उंची' आणि 'पातळी' हे शब्द टिपणात वेगळे ठेवा, ही विनंती. उपग्रहावरून येणारी उंची लंबगोलाकार गणिती पृष्ठापासून मोजलेली असते. भारतात ते पृष्ठ समुद्रसपाटीच्या वर आहे, खान्देशात पन्नास मीटरहून जास्त. त्यामुळे कच्च्या डेटातली उंची समुद्रसपाटीपासूनच्या पातळीपेक्षा तितकी कमी दिसते. मॉडेल आकाराने अगदी बरोबर असते, पण बेंचमार्कशी, म्हणजे पातळी ठरवून दिलेल्या खुणेशी, जुळत नाही. हतनूर धरणाची जलपातळी बातमीत मीटरमध्ये येते ती समुद्रसपाटीपासूनची. लोकांच्या कानाला 'पातळी' त्याच अर्थाने बसली आहे. म्हणून समुद्रसपाटीपासूनच्या आकड्याला 'पातळी', उपग्रहाच्या आकड्याला 'उपग्रही उंची', आणि झाडाची, घराची ती नुसती 'उंची'.

धुळ्याहून

सर्वांचे मनापासून आभार. टिपणात 'निव्वळ जमिनीचे मॉडेल', 'वरच्या पृष्ठभागाचे मॉडेल', 'कडरेषा', 'त्रिकोणजाळे' आणि 'बिंदुसंच' घेतो. प्रत्येक शब्दाशेजारी सॉफ्टवेअरमधले नाव देवनागरीत देईन, कारण मुलांना बटणे तीच दाबायची आहेत. साक्रीच्या पाटाचे उदाहरण परवानगी असेल तर तसेच घालतो.

साक्रीहून

जरूर घाला. शक्य असेल तर मुलांना पावसाळ्याआधी एकदा पाटावर घेऊन या. पाणी ओसरलेले असते, तळ दिसतो, आणि टॉप कुठे, टो कुठे हे हात लावून दाखवता येते.