मीडियाविकी: तक्त्याच्या मथळ्याचा रंग बदलेना

बंधारेवाला
कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची माहिती एका जागी आणायला मीडियाविकी १.४३ (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) बसवलंय, स्किन म्हणजे दिसण्याचा साचा व्हेक्टर २०२२. 'मीडियाविकी:कॉमन.सीएसएस' या पानावर (सगळ्या विकीच्या रंगरूपाचे नियम, म्हणजे सीएसएस, इथं लिहितात) '.विकिटेबल टीएच' लिहून मथळ्याच्या ओळीला तांबडा रंग दिला. बाहेरच्या चौकटीची रेषा बदलते, पण मथळा राखाडीच. '!इम्पॉर्टंट' (हाच नियम वरचढ, असं सांगणारा शब्द) लावलं की बदलतो. मग ते प्रत्येक ओळीला लावत बसायचं काय? दुसरं, शीर्षकातल्या वेलांट्या वरच्या ओळीला चिकटतात. तिसरं, जोडीदार प्रचालक (ॲडमिन) आहे, तरी त्याला हे पान संपादित करता येत नाही.
(इथं रोमन उमटत नाही म्हणून कोड देवनागरीत. उत्तरंही तशीच द्या, मी उतरवून घेतो.)

पंचगंगाकाठ
इम्पॉर्टंटनं रंग बदलतोय म्हणजे पान लोड होतंय, कॅशचा (साठवलेल्या जुन्या प्रतीचा) दोष नाही. नियमाच्या वजनाचा विषय आहे, दोन नियम भिडले की जड नियम जिंकतो. मीडियाविकीचा मूळ नियम असा:

.विकिटेबल > * > टीआर > टीएच

यात एक क्लास (टिंबानं सुरू होणारं नाव) आणि दोन टॅग (टीआर म्हणजे ओळ, टीएच म्हणजे मथळ्याचा चौकोन). तुमच्यात एक क्लास आणि एकच टॅग. '*' आणि '>' यांना वजन नसतं. त्यामुळं तुमचा नियम हलका पडतो. मूळ नियम जसाच्या तसा लिहून आत तुमचा रंग द्या. वजन सारखं झालं की नंतर आलेला नियम जिंकतो, आणि कॉमन.सीएसएस स्किनच्या नंतरच येतं.

पण विकीवरच्या सगळ्या तक्त्यांना तांबडा कशाला? तक्त्याला क्लास="विकिटेबल बंधारे" द्या आणि '.विकिटेबल.बंधारे टीएच' लिहा. टॅगपेक्षा क्लास जड, म्हणून दोन क्लास झाले की मूळ नियम आपोआप मागं पडतो.

पार्श्वभूमीचा रंग दिला की अक्षरांचाही द्या, हे विसरू नका. नुसती पार्श्वभूमी फिकट ठेवली तर गडद मोडमध्ये अक्षरं पांढुरकी होतात आणि फिकटावर फिकट दिसतं. #९९३३२२ वर पांढरी अक्षरं ठेवलीत तर कॉन्ट्रास्ट (दोन रंगांतला उजेडाचा फरक) ७ च्या वर जातो, लागतो ४.५. शिवाय तांबडा-पांढरा आपल्याकडं कुणाला नको असतो!

शिरोरेषा
वेलांट्यांचं कारण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची. शीर्षकांची लाइन-हाइट रोमन अक्षरांच्या बेतानं ठेवलेली असते. मराठीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून १.५ ते १.६ लागते. मजकुराला १.७ ठेवा. नियम बॉडीला (सगळ्या पानाला) लावू नका, '.एमडब्ल्यू-पार्सर-आउटपुट' ला (मजकुराच्या डब्याला) लावा. बॉडीचा फॉन्ट वाढवला की बाजूचा मेनूही फुगतो. पानाचं मुख्य शीर्षक मात्र या डब्याच्या बाहेर असतं, त्याला '.फर्स्टहेडिंग' वेगळं लिहावं लागतं.

मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट वापरायचा असेल तर त्याची वॉफ२ (वेबसाठीची) फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून '@फॉन्ट-फेस' नं जोडा. '@इम्पोर्ट' च्या (दुसरी स्टाइलशीट ओढून घेण्याच्या) नादी लागू नका. ते स्टाइलशीटच्या अगदी सुरुवातीला असावं लागतं आणि मीडियाविकी बऱ्याच फाइली एकत्र बांधून पाठवतं, त्यात ते मधेच अडकतं. लेटर-स्पेसिंगलाही हात लावू नका, शिरोरेषा तुटते.

पंचगंगाकाठ
तिसरा प्रश्न राहिला. १.३२ पासून नुसतं प्रचालकपद पुरत नाही, 'इंटरफेस प्रचालक' गट लागतो. सदस्य अधिकारांच्या विशेष पानावरून तुम्हीच देऊ शकता, कारण विकी बसवताना बनलेल्या पहिल्या खात्याला ते अधिकार असतात. उठसूट सगळ्यांना देऊ नका, याच गटाला सगळ्या वाचकांवर चालणारी जावास्क्रिप्टही बदलता येते.

बंधारेवाला
दोन क्लासवालं चाललं. शीर्षकंही मोकळी झाली. पण लॉगिन आणि 'पसंती' ही पानं अजून जुनीच दिसतात, फॉन्टसुद्धा जुना. ब्राउझर रिकामा करून झाला.

शिरोरेषा
ते मुद्दामच आहे. पासवर्ड टाकायच्या पानांवर साइटचं सीएसएस लावतच नाहीत, कुणी तिथं खोटी चौकट रंगवू नये म्हणून. लोकलसेटिंग्जमध्ये (विकीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'अलाउ साइट सीएसएस ऑन रिस्ट्रिक्टेड पेजेस' नावाचं व्हेरिएबल आहे, सुरुवातीला 'डब्ल्यूजी' लावून. ते ट्रू केलं की लागू होतं. नुसत्या फॉन्टसाठी मी तरी करणार नाही. आणि स्किनच्या फोल्डरातली फाइल थेट बदलायचा मोह झाला तर आवरा, पुढच्या अपग्रेडला सगळं पुसून जाईल.