एकटा असताना एक शब्द अडत नाही, मग चारचौघांत काय होतं?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. वय 31, राहायला भोसरी, चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. लहानपणापासून अडखळतो. सिनेमातला विनोदी 'त-त-प-प' नव्हे. माझं सरळ कुलूप लागतं: ओठ मिटलेले, घसा बंद, आवाजच नाही. फोनवर असलो तर समोरचा "हॅलो, हॅलो, रेंज नाही वाटतं" म्हणून ठेवून देतो.

परवा सोमवारी नवीन कस्टमरची माणसं आली होती. टेबलाभोवती अकरा जण, प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची. माझा नंबर आठवा. पहिल्याने तोंड उघडल्यापासून मी मोजायला लागलो. चौथ्यापर्यंत तळहात ओले. सहावा बोलत होता तेव्हा मी मनात माझं नाव दहादा घेतलं होतं, अगदी स्वच्छ. आधीच्या सात जणांपैकी कोण काय बोललं, एक अक्षर आठवत नाही. मग माना माझ्याकडे वळल्या आणि 'म'वर ओठ जे चिकटले ते चिकटलेच. शेवटी शेजारच्या मित्राने माझं नाव सांगून टाकलं. मदत म्हणूनच केलं बिचाऱ्याने, पण घरी पोचेपर्यंत मी त्याच्यावरच धुमसत होतो. दुसरा कुठलाही शब्द बदलता येतो हो, स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द कुठून आणू?

आणि त्याच सकाळी पुणे-नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये, हेल्मेटच्या आत, तेच वाक्य मी खणखणीत म्हटलं होतं. दोनदा! घरच्या मांजराशी तासभर बोलतो, कधी अडत नाही. शाळेत प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर धडाधड म्हणायचो, पुढे उभं राहून सांगायची पाळी आली की 'भारत'वरच गाडी बंद. लग्नात उखाणा घेतला तोही यमकापर्यंत सुरळीत, बायकोच्या नावापाशी दमलो. (पाहुण्यांना वाटलं लाजतोय. वाटू दिलं.) कॉलेजात असताना एसटीत 'मंचर' म्हणता यायचं नाही म्हणून 'नारायणगाव' म्हणायचो, तेव्हा 'न' सुटायचा. पुढचं तिकीट काढून मंचरला उतरायचो. त्या जादा पैशांचा हिशेब कधी केला नाही, छाती होत नाही.

म्हणजे हे जिभेत आहे की डोक्यात? आई म्हणते, लक्षच देऊ नकोस. लक्ष न देण्याकडे लक्ष ठेवायचं हे आणखी एक काम वाढतं.

कोपऱ्यातले_काका

वेखंड उगाळून मधातून रोज सकाळी जिभेला लावा. आमच्या आळीतला मुलगा महिन्यात सुधारला. बाकी आत्मविश्वास हवा, दुसरं काही नाही.

उच्चारण

काका, वेखंड राहू द्या. आणि 'आत्मविश्वास हवा' हे ऐकून ऐकून माझ्याकडे येणाऱ्यांचे कान किटलेले असतात. मी वाचा-उपचार करते, वीसेक वर्षं झाली.

तिसरी_घंटा, 'जिभेत की डोक्यात' ही वाटणी मला पटत नाही. सुरुवात बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात होते, आणि त्या वयात कुणाला मीटिंगची धास्ती नसते. 100 मुलांत साधारण पाच अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठ्यांत एखादा टक्का उरतो. त्यात बायकांपेक्षा पुरुष जवळपास चौपट. घराण्यातही चालत येतं. त्याच्याशी जोडलेली काही जनुकं 2010 मध्ये सापडली. तेव्हा तुम्ही भित्रे म्हणून अडखळता, असं नाही.

पण भीतीला त्यातून वगळताही येत नाही. 1939 मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या एका अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगत राहिले की तू अडखळतोस, सांभाळून बोल. पुढे तो करणाऱ्या आयोवा विद्यापीठाला माफी मागावी लागली, इतका तो वाईट होता. त्यातून पक्का तोतरेपणा तयार झालेला काही दिसला नाही. पोरं गप्प मात्र झाली. बिचकून, एकेक शब्द तोलून बोलू लागली. मला तुमचं 'मंचर' वाचताना तीच आठवली.

तुमच्या मांजराचं म्हणाल तर 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 24 अडखळणाऱ्या मोठ्या माणसांना अशा स्थितीत बोलतं केलं की आपलं कुणी ऐकत नाही अशी त्यांची खात्री होती. अडखळणं जवळपास दिसलंच नाही. नंतर त्यांचेच शब्द दोन माणसांपुढे बोलायला लावले, तर अडले! ऐकणारा आला की यंत्रणेवर कसलातरी भार पडतो. प्रतिज्ञा आणि आरती सोपी जाते, तिथे सुरात सूर मिसळलेला असतो.

निवृत्त_वायरमन

उच्चारणताईंनी शास्त्र सांगितलं, मी बटाटे सांगतो.

वय 63. तुझ्यासारखाच कुलूपवाला. मी शब्द बदलण्यात इतका तरबेज होतो की बायकोला लग्नानंतर दोन वर्षं कळलं नव्हतं. चाळिशीत एका उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, आता मुद्दाम अडखळायचं. म्हटलं, बाई, फी कशाची घेता मग? पण गेलो दादरच्या मंडईत. दहा गाळ्यांवर जाऊन विचारायचं, "ब-ब-ब-बटाटे आहेत का?" अडत नसलं तरी. पहिल्या गाळ्यापुढून तीन वेळा नुसताच येऊन गेलो. चौथ्यांदा विचारलं. भाजीवाला कांदे निवडत होता, मान वर न करता म्हणाला, "आहेत. जुने देऊ का नवे?"

बस. चाळीस वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. दहाव्या गाळ्यापर्यंत मला हसू यायला लागलं. घरी सहा किलो बटाटे आले, बायकोने दोन दिवस बोलणं टाकलं.

दुसरं एक शिकवलं त्यांनी. व्हॅन रायपर म्हणून अमेरिकेत मोठे तज्ज्ञ होऊन गेले, स्वतः अडखळायचे, त्यांचं आहे. शब्द अडला की ढकलून पुढे पळायचं नाही. तो कसाही पुरा करायचा, थांबायचं, आणि तोच शब्द पुन्हा सैल ओठांनी म्हणायचा. थांबायचे ते दोन सेकंद जीव जातो, खोटं सांगत नाही. आजही अडतं माझं. मंचरचं तिकीट मात्र मंचरचंच काढतो.

चिऊची_आई

मध्येच घुसतेय, माफ करा. मुलगी चार वर्षांची, चार महिने झाले, पहिलं अक्षर घोळवते. आम्ही 'हळू बोल, श्वास घे' सांगतो. चुकतंय का?

उच्चारण

ते बंद करा. तुम्हीच जरा संथ बोला, वाक्य तिचं तिला पुरं करू द्या, काय म्हणतेय तिकडे बघा. आणि जवळच्या वाचा-उपचार तज्ज्ञाला आत्ताच दाखवून घ्या, 'आपोआप जाईल' म्हणून वर्ष काढू नका.

तिसरी_घंटा

उशिरा लिहितोय. वायरमनकाका, बटाटे नाही जमले, पण मंडईऐवजी कारखान्याच्या गेटवर चहावाल्याकडे मुद्दाम 'च-च-चहा' केलं. त्याने चहा दिला, आणि साखर कमी का विचारलं.

शनिवारी त्या मित्राला सांगितलं की पुढच्या वेळी माझं नाव तू घेऊ नकोस, कितीही वेळ लागू दे. तो ओशाळला. मला वाटत होतं तो चिडेल.

काल ऑडिटवाले आले, पुन्हा ओळखी. या वेळी मी सहावा. सुरुवातीलाच म्हणालो, "मी अडखळतो, जरा थांबा." मग 'म'वर अडलोच, चारपाच सेकंद तरी. मित्र टेबलाकडे बघत बसला होता, त्याचेच कान लाल झाले होते. नाव मीच घेतलं.

बाकी, माझ्या आधीचा पाचव्या नंबरचा माणूस जालन्याचा आहे आणि त्याची मुलगी यंदा दहावीला आहे.