खानदेशातून नेपाळच्या डोंगरांत : उंचीवरच्या मुक्कामांचे अनुभव

नेपाळच्या ट्रेकला निघण्यापूर्वी माझ्याकडे चौकशीला येणारी जळगाव परिसरातील मंडळी बूट, जाकीट आणि खर्च यांविषयी बारकाईने विचारतात. दिवसांविषयीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा ‘कमीत कमी किती दिवसांत होईल?’ अशाच रूपात येतो. मला तो प्रश्न चिंतेचा वाटतो. म्हणून ज्यांनी नेपाळमध्ये ट्रेक केला, तीर्थयात्रा केली किंवा साहसी खेळांत भाग घेतला, अशा खानदेशातील सर्वांनी आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती. कोणत्या उंचीवर किती रात्री काढल्या, शरीराने काय सांगितले आणि त्यावर आपण काय केले, हे आवर्जून लिहावे. सुरुवात मी करतो.

मी एव्हरेस्ट बेस कॅम्पला एप्रिलच्या अखेरीस गेलो. भुसावळहून गोरखपूर, तेथून सुनौलीची सीमा आणि पुढे बसने काठमांडू असा प्रवास होता. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र पुरते. तयारी म्हणून मी पाच महिने दर रविवारी पाटणादेवीच्या जंगलात आणि लळिंगच्या किल्ल्यावर पाठीवर वजन घेऊन चढत होतो. त्या तयारीने पाय आणि दम नक्की कमावले. परंतु विरळ हवेची सवय शरीराला खानदेशात राहून लागू शकत नाही, हे मला तेथे गेल्यावर समजले. उंचीचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. आपले तोरणमाळ त्याच्या निम्म्या उंचीचेही नाही आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर संपते. म्हणजे आपल्याकडचा माणूस कितीही धडधाकट असला तरी ही सवय त्याला नेपाळमध्येच, चालता चालता आणि मुक्काम करत लावावी लागते.

काठमांडूहून विमानाने लुक्लाला जायचे आणि तेथून चालायला सुरुवात करायची. लुक्लाचा विमानतळ सुमारे २८४५ मीटरवर आहे, त्यामुळे विमानातून उतरताक्षणीच आपण ती मर्यादा ओलांडलेली असते. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे, असा सर्वमान्य नियम आहे. आमच्या गाईडने तो काटेकोरपणे पाळला. नामचे बाजार (३४४० मीटर) आणि डिंगबोचे (४४१० मीटर) या दोन्ही ठिकाणी आम्ही दोन-दोन रात्री राहिलो. राहिलो याचा अर्थ लोळत पडलो असा नव्हे. सकाळी वरच्या टेकडीवर तीन-चारशे मीटर चढून जायचे, थोडा वेळ थांबायचे आणि झोपायला पुन्हा खाली यायचे, असा तो दिवस असतो. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. दहा पावले टाकून थांबावे लागत होते, पण डोके दुखले नाही आणि भूकही शाबूत होती. एक गोष्ट नव्या मंडळींना आधीच सांगावीशी वाटते. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही. ते पाहण्यासाठी जवळच्या काला पत्थर या उंचवट्यावर चढावे लागते, त्यामुळे गोरखशेप या शेवटच्या मुक्कामी त्यासाठी एक सकाळ हाताशी ठेवावी.

शहादा, वय २९

मी लहानपणापासून दर वर्षी धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला जातो. चार हजार फुटांहून उंच असलेला तो डोंगर रात्रभर चालून चढणे आमच्याकडे अनेकांच्या अंगवळणी पडलेले आहे, आणि त्याच भरवशावर मी बेस कॅम्पच्या वाटेवर इतरांच्या एक तास आधी प्रत्येक मुक्कामाला पोहोचत होतो. आमच्या आयोजकाने डिंगबोचेचा विसाव्याचा दिवस कार्यक्रमातून काढून टाकला होता. गटातील कोणीही त्यावर आक्षेप घेतला नाही. उलट एक दिवस वाचला याचा मला आनंदच झाला होता.

डिंगबोचेला रात्री डोके दुखू लागले. मी कोणाला न सांगता वेदनाशामक गोळी घेतली आणि सकाळी लोबुचे या पुढच्या मुक्कामाकडे निघालो. दुपारी ४९४० मीटरवर पोहोचेपर्यंत दोनदा उलटी झाली होती. संध्याकाळी लॉजच्या अंगणात चालताना माझ्या मित्राने मला थांबवले आणि म्हणाला, “भो, तू सरय चाली नही राहिना.” मला मात्र मी सरळच चालतो आहे असे वाटत होते. गाईडने मला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे लावत रेषेत चालायला सांगितले आणि चौथ्या पावलाला माझा तोल गेला. मेंदूला सूज येऊ लागल्याचे ते लक्षण असते, हे मला नंतर कळले. गाईडने सकाळची वाट पाहिली नाही. बॅटरीच्या उजेडात दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून मला फेरिचेपर्यंत, म्हणजे सुमारे ५७० मीटर खाली आणले. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र हंगामात चालू असते. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, औषध दिले आणि दुसऱ्या दिवशी आणखी खाली पाठवले.

मला दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत. डोके दुखत असेल तर ते सोबत्यांपासून लपवू नका. मी लपवले म्हणून माझा त्रास सर्वांच्या लक्षात एक दिवस उशिरा आला. दुसरे असे की, अशा स्थितीत खाली उतरणे हाच खरा उपचार आहे. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्रास होऊ नये म्हणून आधीपासून घेता येते, पण त्रास वाढत असताना ती घेऊन वर चढत राहणे जिवावर बेतू शकते.

अमळनेर, निवृत्त शिक्षिका

आम्ही ट्रेकर नव्हतो, आणि आमची चूक नेमकी तेथेच झाली. आमच्या भजनी मंडळाच्या चौदा जणी मुक्तिनाथच्या दर्शनाला गेलो होतो. चालायचे फारसे नाही, थेट जीप जाते, असे आम्हाला सांगण्यात आले होते आणि ते खरेही होते. पोखरा सुमारे ८०० मीटरवर आणि मुक्तिनाथचे मंदिर ३७०० मीटरहून अधिक उंचीवर आहे; हे अंतर आम्ही पहाटे निघून एका दिवसात जीपने कापले. पायी जाणाऱ्याला याच चढाईला कित्येक दिवस लागले असते आणि तेवढ्या दिवसांत त्याच्या शरीराने जुळवून घेतले असते.

रात्री मुक्तिनाथला कोणालाही धड झोप आली नाही. सकाळी १०८ धारांखाली बर्फासारख्या पाण्यात स्नान करण्याचा सर्वांचाच आग्रह होता. त्यानंतर आमच्यातील सदुसष्ट वर्षांच्या एका ताईंना बसल्या जागी धाप लागू लागली आणि त्यांचे ओठ निळसर दिसू लागले. सुदैवाने जीपचालक जाणता होता. “माताजी, आता दर्शन पुरे,” असे म्हणून त्याने आम्हाला तडक जोमसोमला उतरवले. जोमसोम साधारण २७०० मीटरवर आहे. तेथील रुग्णालयात प्राणवायू मिळाला आणि संध्याकाळपर्यंत त्या चहा मागू लागल्या. पुढच्या वर्षी दुसरा गट गेला, तेव्हा मी त्यांना पहिली रात्र मार्फा किंवा जोमसोम येथेच काढायला लावली. मार्फाच्या सफरचंदांच्या बागा पाहण्यात दुपार सुखाने जाते. त्या गटातील एकीलाही त्रास झाला नाही.

तीर्थाला जाणाऱ्या आपल्या वयस्कर माणसांपर्यंत ही माहिती पोहोचत नाही, याची मला फार तळमळ वाटते. मुलाबाळांनी आईवडिलांना यात्रेला पाठवताना आयोजकाकडे रोजच्या मुक्कामांची उंची मागून घ्यावी.

धुळे

माझा अनुभव छोटासा आहे. पोखऱ्याला सारंगकोटवरून पॅराग्लायडिंग करायचे म्हणून आम्ही दोघी बहिणी गेलो. पहिल्या दिवशी ढग होते आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याची दिशा अनुकूल नव्हती, म्हणून पायलटने उड्डाण नाकारले. गोरखपूरहून परतीचे आरक्षण असल्यामुळे आम्ही त्याला खूप गळ घातली. तो शांतपणे नाही म्हणत राहिला. शेवटी आरक्षण रद्द करून आम्ही राहिलो आणि तिसऱ्या सकाळी फेवा तलावावर पंचवीस मिनिटे तरंगलो. समोर माछापुछ्रेचे शिखर स्वच्छ दिसत होते. नाही म्हणणारा पायलट मिळाला हे आमचे भाग्य होते, असे मी आजही मानते.

चाळीसगाव तालुका, शेतकरी

वरच्या सर्वांनी स्वतःच्या शरीराविषयी लिहिले आहे. मी आमचे सामान वाहणाऱ्या माणसाविषयी लिहितो. आमच्या भागातून दर वर्षी शेकडो कुटुंबे ऊसतोडीला जातात. हंगामी मजुरीसाठी घर सोडून दुसऱ्याचे ओझे उचलणे म्हणजे काय असते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या (४१३० मीटर) वाटेवर आमच्या पोर्टरकडे माझे लक्ष वारंवार जात असे. प्रत्येक पोर्टर शेर्पा असतो आणि त्याला उंचीचा त्रास होत नाही, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. आमचा पोर्टर खालच्या टेकड्यांतील शेतकरी होता. भाताची कापणी आटोपून तो हंगामी कामाला आला होता, आणि वाटेतल्या देउरालीच्या मुक्कामी सर्वांत आधी डोके दुखू लागले ते त्याचेच. त्याने ते सांगितले नाही, कारण सांगितले तर मजुरी बुडेल अशी त्याला भीती होती. त्याचे जेवण तसेच पडलेले पाहून मला शंका आली.

आम्ही पूर्ण मजुरीची खात्री देऊन त्याला एक दिवस खाली ठेवले आणि सामान आपापसांत वाटून घेतले. निघण्यापूर्वी पोर्टरचा विमा आहे का, त्याच्याकडे गरम कपडे आणि बूट आहेत का आणि त्याच्या पाठीवर नेमके किती किलो चढवले आहेत, हे स्वतः पाहावे. आमच्या गटाने घरून आणलेला डबाबंद खाऊच आठ किलो भरला होता! तेथे प्रत्येक मुक्कामाला गरम डाळभात मिळतो, आणि ताटात पुन्हा वाढूनही देतात.

भुसावळ, रेल्वे कर्मचारी

अन्नपूर्णा परिक्रमेत थोरांग ला ही ५४१६ मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते. ऑक्टोबर २०१४ मध्ये या खिंडीच्या परिसरात अचानक आलेल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे दगावली. ती बातमी मी वाचलेली होती, तरी निघताना माझ्या हातात मोजून पंधरा दिवसांचीच रजा होती. खिंडीच्या अलीकडच्या मनांग गावात आम्ही दोन रात्री काढल्या, तब्येत उत्तम होती आणि खिंडीच्या पायथ्याशी थोरांग फेदीला पोहोचलो तेव्हा आकाशही निरभ्र होते. मध्यरात्री बर्फ सुरू झाला. सकाळी लॉजच्या मालकीणबाईंनी दोन दिवस थांबा, असे सांगितले. माझ्याकडे एकच दिवस होता. तो थांबण्यात गेला, बर्फ थांबला नाही आणि तिसऱ्या दिवशी मी मनांगच्या वाटेने परत फिरलो. माझ्यासोबत चालणारे एक पुण्याचे जोडपे थांबले आणि चौथ्या दिवशी स्वच्छ उन्हात खिंड ओलांडून मुक्तिनाथला उतरले. त्यांनी पाठवलेली छायाचित्रे पाहताना मला वाईट वाटले, हे लपवत नाही. पण तेव्हा परत फिरलो याचा पश्चात्ताप होत नाही.

या वर्षी पुन्हा जाणार आहे. नेपाळने २०२३ पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाईड घेणे बंधनकारक केले असल्यामुळे मागच्याच गाईडशी बोलणे केले आहे, आणि हेलिकॉप्टर बचावाचा खर्च ६००० मीटरपर्यंत देणारा विमाही काढला आहे. रजेचा अर्ज या खेपेस बावीस दिवसांचा दिला आहे. साहेबांनी कारण विचारले, तेव्हा त्यातील पाच दिवस बर्फासाठी आहेत असे सांगितले, आणि त्यांनी सही केली.